जुन्या काँक्रीटची खडी गावच्या रस्त्याला चालेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बेळगावजवळच्या उचगाव बाजूच्या तुमच्या गावात बारा वर्षांपूर्वी झालेला काँक्रीटचा रस्ता नळाच्या पाइपसाठी मधोमध फोडला. आता पंचायत तो सगळा काढून नवा करणार आहे. कंत्राटदार म्हणतोय, निघालेले तुकडे क्रशरवर फोडून तीच खडी परत वापरतो. गावातली पोरं म्हणतायत, हा शिळ्या कढीला ऊत आणण्याचा प्रकार आहे, पैसे खायचा धंदा आहे. आणि तुम्ही विचारताय, असा रस्ता दोन वर्षं टिकेल की वीस?

दोन्ही शक्य आहे. एकाच ढिगातली खडी एका रस्त्यात निवांत पडून राहते आणि दुसऱ्या रस्त्याला दुसऱ्याच पावसाळ्यात तडे देते. मी दोन्ही बघितलंय, आणि त्यातलं दुसरं काम माझंच होतं. त्याबद्दल पुढं सांगतो. म्हणजे जुना माल की नवा माल, हा वाद घालून काही हाती लागणार नाही. ही खडी रस्त्याच्या कुठल्या थरात जाणार, मुळातलं काँक्रीट कसलं होतं आणि रस्त्याखालचं पाणी कुठं जातं, एवढं कळलं तर टिकण्याबद्दल काही बोलता येईल. तुमच्या प्रश्नात यातलं काहीच नाही, त्यामुळे काही गोष्टी "असं असेल तर" म्हणूनच सांगाव्या लागतील.

आधी माल बघू. जुन्या स्लॅबचा मुठीएवढा तुकडा घ्या आणि हातोडीनं फोडा. आत काळ्या दगडाची खडी दिसेल आणि तिच्या अंगाला घट्ट बसलेला सिमेंट-वाळूचा राखाडी थर. क्रशरमधून काढलं तरी हा थर पूर्ण सुटत नाही. म्हणून फोडलेल्या काँक्रीटची खडी म्हणजे दगड अधिक मसाला, आणि सगळी भानगड त्या मसाल्याची आहे. तो सच्छिद्र असतो, दगडापेक्षा मऊ असतो आणि पाणी पितो. आपल्याकडचा चांगला काळा दगड चोवीस तास बुडवून ठेवला तरी वजनाच्या एक-दीड टक्क्यापेक्षा जास्त पाणी सहसा घेत नाही. ही खडी ३ ते ८ टक्के सहज घेते.

हे तपासायला लॅब लागत नाही. फोडलेली खडी उन्हात कडकडीत वाळवा आणि किराणा दुकानातल्या काट्यावर बरोबर २ किलो तोला. बादलीत पाणी घेऊन त्यात टाका. टाकल्या टाकल्या बारीक बुडबुड्यांच्या माळा वर येताना दिसतील, ती त्या मसाल्यातली हवा. दुसऱ्या दिवशी खडी काढा, जुन्या धोतराच्या फडक्यानं प्रत्येक दाणा वरवर पुसा, चमक गेली की परत तोला. २१०० ग्रॅम भरली तर ५ टक्के पाणी प्यायली. बादलीतलं पाणी थोडं दुधाळ झालेलं असेल तर घाबरू नका, तो सुटा चुना आहे. पण पाणी तांबडं किंवा गढूळ झालं तर खडीत माती आली, आणि ती चालणार नाही.

आता माझी चूक. बेळगावातल्या एका फाउंड्रीच्या आवारात ट्रक वळवायला काँक्रीटचा यार्ड करायचा होता. जुनी फरशी फोडून भरपूर काँक्रीट निघालं होतं, मालक म्हणाले वापरा, आणि मीही उत्साहात वरच्या थरात निम्मी खडी तीच धरली. दिवस एप्रिलचे. खडी ढिगात सुकून खडखडीत झालेली. मिक्सरमधून काँक्रीट निघताना छान होतं, अर्ध्या तासात ताठ झालं, कारण मिश्रणातलं पाणी खडीनं पिऊन टाकलं. मेस्त्रीनं काय केलं असेल? जे सगळे मेस्त्री करतात तेच. मी पलीकडच्या कोपऱ्यात लेव्हल बघत होतो, तोवर मिक्सरच्या ड्रममध्ये पाण्याचा पाइप सोडला. आता काही पाणी खडीत आणि जास्तीचं पाणी सिमेंटात. महिनाभरात कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे, आणि पावसाळ्यानंतर ट्रक जिथं वळतो तिथं पृष्ठभागाची पूड निघायला लागली. मेस्त्रीला दोष देण्यात अर्थ नव्हता. ढीग आदल्या रात्री पसरून भिजवायला मीच सांगितलं नव्हतं.

आपलं खडीचं मानक, आयएस ३८३, २०१६ मध्ये सुधारलं तेव्हा या खडीला अधिकृत जागा मिळाली. ती १० टक्क्यांपर्यंत पाणी पीत असली तरी चालते, पण मिक्सरमध्ये जाण्याआधी भिजवलेली हवी, असं त्यात आहे. मर्यादाही दिल्या आहेत: साध्या काँक्रीटमध्ये खडीच्या २५ टक्क्यांपर्यंत, सळई असलेल्या काँक्रीटमध्ये एम-२५ पर्यंतच्याच ग्रेडला (एम-पुढचा आकडा म्हणजे काँक्रीटची ताकद) २० टक्के, आणि एम-१५ च्या खालच्या लीन, म्हणजे कमी सिमेंटाच्या काँक्रीटमध्ये पुरी १०० टक्के. हे आकडे पाठ करून ठेवा. कंत्राटदार "सरकारनंच परवानगी दिलीय" म्हणाला, तर "कुठल्या थरात आणि किती टक्के?" एवढंच विचारा.

वरच्या थराबद्दल मी इतका कडक का, तर त्याचं कारण हिशोबात आहे. काँक्रीटचा रस्ता दाबानं मोडत नाही, वाकून मोडतो. चाक आलं की स्लॅब किंचित वाकतो, खालच्या बाजूला ताण येतो. तो ताण काँक्रीटच्या वाकण्याच्या ताकदीच्या ४५ टक्क्यांच्या आत असेल तर कितीही वेळा चाक जाऊ दे, काही होत नाही, असं आयआरसी ५८ हे इंडियन रोड्स काँग्रेसचं डिझाइनचं पुस्तक धरतं. तोच ताण ५० टक्के झाला की स्लॅब सुमारे साडेसात लाख फेऱ्याच सोसतो. आता समजा स्लॅब तेवढाच, गाडी तीच, पण काँक्रीट दहा टक्क्यांनी कमी ताकदीचं निघालं. ताण झाला साधारण ५५-५६ टक्के, आणि फेऱ्या उरल्या लाखाच्या आसपास. ताकद एक दशांशानं कमी, आयुष्य एक सप्तमांश. ताण ६५ टक्क्यांवर गेला तर फेऱ्या ७,७०० च्या आसपासच. तुमच्याकडून काकतीकडं किंवा सीमेपलीकडं चंदगडच्या कारखान्यांकडं ऊस जातो. दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर अरुंद रस्त्यावर समोरून एसटी आली की चाक कडेवर घालतो, आणि कड म्हणजे स्लॅबची सगळ्यात दुबळी जागा. तिथं ताण किती जात असेल, याचा अंदाज करा. फोडलेल्या काँक्रीटच्या खडीनं दहा टक्के ताकद सहज कमी होते, निष्काळजीपणा केला तर वीसही होते.

याला उतारा आहे, आणि तो स्वस्त आहे. जाडी वाढवली की ताण जाडीच्या वर्गाच्या हिशोबानं उतरतो. दहा टक्के ताकदीची भरपाई करायला साधारण पाच टक्के जाडी पुरते, म्हणजे २० सेंटीमीटरच्या स्लॅबला एक सेंटीमीटर. पण तो एक सेंटीमीटर खरंच पडला का, हे बघायला टेप घेऊन उभं राहावं लागतं. आमच्या धंद्यात कागदावरचे २० सेंटीमीटर जमिनीवर १७ कसे होतात, ते मी इथं लिहीत बसत नाही.

म्हणून वरच्या थराबद्दल माझं मत साधं आहे: गावच्या रस्त्यावर, जिथं लॅब नाही, माल मोजून मिसळणारा बॅचिंग प्लांट नाही, तिथं वरचा थर पुरा नव्या काळ्या खडीचाच करावा. २५ टक्क्यांची परवानगी आहे, पण ती जमवून आणायला जी शिस्त लागते ती तीन लाखांच्या कामावर मी कधी बघितली नाही.

खाली मात्र हा माल सोनं आहे, आणि पोरांना हे सांगायला हवं. स्लॅबच्या खालचा लीन काँक्रीटचा थर, ज्याला साइटवर सगळे डीएलसी म्हणतात, किंवा त्याच्याही खालचा जीएसबीचा, म्हणजे सिमेंट नसलेल्या दाबलेल्या खडीचा थर, यात ही खडी शंभर टक्के वापरता येते. दाणे धारदार असतात, एकमेकांत घट्ट बसतात. शिवाय जुन्या काँक्रीटमध्ये न भिजलेलं सिमेंट थोडं शिल्लक असतं. क्रशरमध्ये तुकडे फुटले की ते उघडं पडतं, रोलरखाली पाणी मारलं की हळूहळू परत धरतं. मी स्वतः असा थर सहा महिन्यांनी खोदायला लावलाय. टिकावानं निघेना, ब्रेकर आणावा लागला. डांबरी रस्त्याच्या खालीही चालतो. आयआरसीनं २०१७ मध्ये बांधकामाचा राडारोडा रस्त्यात वापरण्याबद्दल १२१ क्रमांकाची मार्गदर्शिका काढली, तिचाही मुख्य भर अशा कामांवरच आहे.

ऑस्ट्रियातही रस्ता असाच दोन थरांत करतात. व्हिएन्ना ते साल्झबर्ग हा तिथला जुना हमरस्ता १९९० च्या आसपास नवा करताना जुना स्लॅब फोडून त्याची खडी खालच्या थरात घातली आणि वर चांगल्या दगडाचा पातळ थर दिला. ओल्यावर ओलं, दोन्ही थर एकाच दिवशी. अमेरिकेत मिनेसोटानं १९८० मध्ये तर थंडीनं फुटलेला हमरस्ता दळून परत वरच्या थरातच वापरला, आणि तो बरीच वर्षं चांगला चालला. त्याच दशकात मिशिगनमध्ये मात्र अशा खडीचे मोठे रस्ते स्लॅबच्या मधोमध तडकले. त्यांचे स्लॅब बारा मीटरहून लांब होते आणि खडी बारीक. तडा गेला की दोन्ही बाजूंचे दगड एकमेकांत अडकून भार पलीकडं पोचवतात. या खडीत तडा मसाल्यातून सरळ जातो, कड गुळगुळीत राहते, अडकायला काही उरत नाही. मग एक बाजू खाली, एक वर.

म्हणून तुमच्या रस्त्याला सांधे, म्हणजे तडा ठरल्या जागी जावा म्हणून मारायच्या आडव्या खाचा, जवळ ठेवायला सांगा. गावच्या १५-१६ सेंटीमीटरच्या स्लॅबला तीन ते चार मीटरवर एक, आणि ते कटरनं मारलेले, जाडीच्या पाव ते तिसऱ्या हिश्शापर्यंत खोल. उन्हाळ्यात त्याच दिवशी रात्रीपर्यंत मारले पाहिजेत. दुसऱ्या दिवशी दुपारी कटर आलं तर काँक्रीटनं आपला सांधा आपणच शोधलेला असतो, तो वाकडा, आणि सहसा कुणाच्या तरी दारासमोर. चौदा दिवस ओली गोणपाटं. हे सगळं नव्या खडीच्या रस्त्यालाही लागू आहे, पण नवी खडी थोडं पोटात घालते, ही खडी घालत नाही.

आता पाणी. आपल्या जिल्ह्यात हे गावागणिक बदलतं. कणकुंबी-जांबोटीकडं धो धो पाऊस, अथणीकडं पाऊस कमी, आणि येळ्ळूर-शहापूरच्या शिवारात काळी माती, जी ओली झाली की फुगते आणि वाळली की भेगाळते. काळ्या मातीवर वर कसलीही खडी घाला, खालून माती हलली की स्लॅब मोडणारच. तिथं आधी मुरमाचा किंवा न फुगणाऱ्या मातीचा अर्धा-पाऊण मीटर भराव हवा. अरुंद गल्लीत ते शक्य नसेल तर निदान गटार रस्त्याच्या खालच्या पातळीवर आणि वाहतं हवं. तुमच्या गावची माती कुठली, ते तुम्हालाच ठाऊक.

या खडीचा पाण्याशी आणखी एक खोडसाळपणा आहे, जो फारसा कुणी सांगत नाही. तिच्यातला सुटा चुना पाण्यात उतरतो, हवा लागली की परत दगड होतो. गिझरच्या कॉइलवर बसतो तसा पांढरा थर गटाराच्या तोंडाशी, पाझराच्या, म्हणजे रस्त्याखालचं पाणी बाहेर काढणाऱ्या पाइपावर आणि त्यावर गुंडाळलेल्या कापडावर जमतो. खानापूर बाजूला एका कामावर पाझराचं तोंड दोन पावसाळ्यांत अर्धं बुजलेलं मी बघितलं. पाणी तुंबलं की खालचा थर कितीही घट्ट असला तरी माती मऊ होते. त्यामुळे पाझराच्या पाइपाभोवती ही खडी कधीच नको, तिथं साधी दगडाची खडी, आणि खाली घालायच्या मालातली भुकटी चाळून कमी करावी. विहिरीजवळ ढीगही लावू देऊ नका, पहिल्या पावसात त्यातून चुन्याचं पाणी उतरतं.

खरं सांगू, तुमच्या रस्त्याला सगळ्यात मोठा धोका खडीचा नाहीच. तो आहे पाइपच्या चराचा. चर खणला, पाइप टाकला, जेसीबीनं माती एकदम लोटली, वर टिप्पर फिरवला, झालं. अशी माती पावसाळ्यात बसते. वर सोन्याची खडी घातली तरी स्लॅबखाली पोकळी तयार होते, आणि चराच्या रेषेत लांबच्या लांब तडा जातो. तुमचा जुना रस्ता मधोमध फोडला म्हणताय, म्हणजे चर चाकांच्या पट्ट्यातच येणार. तो उकरून वीस-वीस सेंटीमीटरच्या थरात पाणी मारून धुम्मस किंवा कॉम्पॅक्टरनं ठोकून भरायला लावा. वाटलं तर चर भरायलाच फोडलेल्या काँक्रीटचा बारीक माल वापरा, पाइपच्या वर वाळूची उशी ठेवून. मला विचाराल तर या खडीचा गावात सगळ्यात चांगला उपयोग हाच.

कंत्राटदाराशी बोलताना भांडायला जाऊ नका. एस्टिमेट कन्नडमध्ये असेल, पण थरांची नावं आणि ग्रेड बहुतेक वेळा इंग्रजी अक्षरांतच असतात, हायस्कूलचं पोरगं वाचून दाखवेल. बघायचं एवढंच की वरच्या थराला कुठली खडी धरलीय आणि तिचा दर कुठला. नव्या खडीचा दर लावून जुनी वापरत असेल तर पोरांचं म्हणणं बरोबर ठरतं. जुनी खाली, नवी वर आणि दर त्याप्रमाणे असतील तर त्याला चहा पाजा. क्रशर किती लांब आहे तेही विचारा. वीस-पंचवीस किलोमीटर लांब असेल तर जाण्या-येण्याच्या डिझेलमध्ये सगळी बचत जाते, आणि तिथं तुमचं काँक्रीट कुणाच्या ढिगात मिसळलं ते कळत नाही. छोटा जॉ क्रशर, म्हणजे जबड्यात दाबून फोडणारं यंत्र, गावातच आणता आला तर उत्तम, आवाजाची तक्रार दोन दिवस सोसावी लागेल.

किती वर्षं, हा तुमचा मूळ प्रश्न राहिला. चर नीट भरला, खाली फोडलेलं काँक्रीट, वर नवी खडी, सांधे वेळेवर, गटार वाहतं, तर ग्रामीण रस्त्याला वीस वर्षांचं आयुष्य धरतात तेवढं धरायला माझी हरकत नाही. वरच्या थरातच कोरडी, न भिजवलेली जुनी खडी, तर पहिला ऊस-हंगाम आणि त्यानंतरचा पावसाळा झाल्यावर मला फोटो पाठवा.

शेवटी तुम्ही विचारलंय की २०१९ च्या पुरात पडलेल्या घरांचा ढिगारा शाळेमागं तसाच पडलाय, तोही याच क्रशरमध्ये घालून टाकू का. नको. त्यात मातीच्या भिंती, कौलं, विटा, गिलावा आणि कदाचित जांभा असणार. जांभा पाणी पितो आणि चुरतो, आणि कुठल्या घरात प्लास्टर ऑफ पॅरिसचं काम असेल तर त्यातलं जिप्सम सिमेंटाशी भांडून काँक्रीट आतून फुगवतं. तो ढिगारा शाळेच्या मैदानातल्या खड्ड्यात भरा. आणि रस्त्याचं काँक्रीट उचलायला टिप्पर यायच्या आधी दोन ढिगांमध्ये दोरी बांधून एक माणूस उभा करा, कारण जेसीबीवाल्याला दोन्ही ढीग सारखेच दिसतात.